पहिली ओळ

शाळेत लाल शाईचा एकच अर्थ आपल्या मनावर बिंबला: चुकलं. वही परत आली की नजर आधी लाल खुणेवर जायची आणि लगेच तिथून दूर पळायची. काय चुकलं हे वाचायला कोणी थांबत नसे. किती मार्क गेले तेवढं बघायचं. ही सवय मोठेपणीही सुटत नाही. ती किती नडते हे मला कळलं ते गाडीला बोर्ड जोडून त्याच्या कोडशी झटणारी आपल्याकडची पोरं बघून.

परभणी असो, मानवत असो की गंगाखेड, गॅरेजवर येणाऱ्या नव्या गाडीला आता स्कॅनर लावल्याशिवाय दुखणं कळत नाही. स्टिअरिंगच्या खाली 16 पिनांचं ओबीडी सॉकेट असतं. त्यातल्या 6 आणि 14 नंबरच्या पिनांवरून कॅन बस जाते. इंजिन, ब्रेक, मीटर हे सगळे त्या दोन तारांवर आपापसांत बोलत असतात. ही रचना जर्मनीतल्या बॉश कंपनीनं 1986 साली जगापुढे मांडली. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणणाऱ्या आपल्या जिल्ह्यातल्या पोरांनी ती बस वाचायला घ्यावी, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. कंपनीचा स्कॅनर परवडत नाही, म्हणून आयटीआयची, पॉलिटेक्निकची मुलं अर्डुइनो उनो हा बोर्ड घेतात, त्याला कॅन बसशी बोलणारं एमसीपी-2515 चं छोटं निळं मॉड्यूल जोडतात, सात जम्पर वायरी लावतात. ज्याच्याकडे पैसे आहेत तो मॅकिना एम-टूसारखा तयार बोर्ड मागवतो. त्यात अर्डुइनो ड्यूवर असतो तोच प्रोसेसर असतो आणि कॅनची सोय आतच असते.

मग कुठून तरी कोड घ्यायचा, तो कंपायलरकडून तपासून घ्यायला अर्डुइनोच्या प्रोग्रॅममधलं व्हेरिफायचं बटण दाबायचं, आणि खालच्या काळ्या पट्टीत लाल अक्षरांचा लोंढा सुरू होतो.

इथं नजर पळते. हात पट्टीच्या तळाशी जातो, तिथं ‘एक्झिट स्टेटस 1’ एवढंच असतं, त्याचा फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर पडतो आणि खाली प्रश्न: ‘काय झालंय?’ त्या शेवटच्या ओळीत सांगण्यासारखं काहीच नसतं. काम अर्धवट राहिलं, एवढाच तिचा निरोप. खरी गोष्ट वर असते, जिथं ‘एरर’ हा शब्द पहिल्यांदा येतो तिथं. खालच्या तीस-चाळीस ओळी बहुतेक वेळा त्या एकाच चुकीची पिलावळ असते. ड्यूसाठी लिहिलेला कोड उनो निवडलेला ठेवून चालवला, की पडदाभर एरर येतात आणि कोडमधला एक स्वल्पविरामही चुकलेला नसतो. टूल्सच्या मेन्यूत बोर्डाचं नाव बदललं की सगळं गप्प. ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ आलं तर लायब्ररी बसवलेली नाही, किंवा तिला लागणारी दुसरी लायब्ररी राहिली आहे; ड्यूच्या कॅन लायब्ररीला तिची सोबतीण ‘कॅन कॉमन’ लागते, ती नसेल तर अडतंच. ‘नॉट डिक्लेअर्ड इन धिस स्कोप’ म्हणजे हे नाव इथं कोणाच्या ओळखीचं नाही. असे वीसेक शब्दप्रयोग नीट समजून घेतले तर मराठी माध्यमातल्या मुलालाही कंपायलर परका राहत नाही.

एक एरर मात्र जवळून बघण्यासारखी आहे. लायब्ररी बसवलेली, फाइल सापडलेली, तरी कंपायलर म्हणतो की ‘बिगिन’ या फंक्शनशी तुझं बोलावणं जुळत नाही. खालच्या ओळीत तो बारकाईनं सांगतो: मला तीन गोष्टी हव्यात, तू एकच दिलीस. याचं मूळ असं, की ‘एमसीपी_कॅन’ याच नावाची हेडर फाइल असलेल्या दोन वेगवेगळ्या लायब्रऱ्या चलनात आहेत. एकीला नुसता बसचा वेग सांगितला तरी भागतं. दुसरीला मॉड्यूल कोणते संदेश घेणार, वेग किती आणि क्रिस्टल किती मेगाहर्ट्झचा, हे तिन्ही लागतं. गावात एकाच नावाचे दोघं असले की आपण बापाचं नाव विचारतो, तसं इथं लायब्ररी कोणाची ते विचारावं लागतं. हे सगळं त्या लाल ओळीत लिहिलेलं असतं. ती ओरडत नसते, पत्ता देत असते.

पण पत्ताही समजून वाचावा लागतो. कंपायलर जो ओळ क्रमांक देतो, ती तो जिथं अडला ती जागा असते. चूक त्याच्या वरच्या ओळीत असू शकते. अर्धविराम 41 व्या ओळीच्या शेवटी राहिलेला असतो आणि तक्रार 42 व्या ओळीबद्दल येते. माणसांच्या तक्रारींतही मला हे अनेकदा दिसलं आहे. ज्या वाक्यावर माणूस भडकतो, त्याच्या आधीचं वाक्य तपासावं.

आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात सी आणि सी प्लस प्लसचे धडे आहेत, मराठीतूनही. शिकवणारा कोड लिहितो, चालवून दाखवतो, आणि मग मुद्दाम अर्धविराम काढून टाकतो. एरर येते. ती वाचतो, दुरुस्त करतो, पुन्हा चालवतो. शिकवण्याची ही रीत मला फार मोलाची वाटते. चूक झाल्यावर गुरुजींच्या चेहऱ्यावर काही बदलत नाही, हे मुलानं एकदा तरी बघायला हवं. कामात चूक ही नेहमीची गोष्ट आहे, ती वाचायची आणि पुढं जायचं, एवढा धीर ज्याला आला त्याचं अर्धं शिक्षण झालं.

आणि कंपायलर बोलतो, हे आपलं नशीब म्हणायचं. खरी कसोटी त्याच्या नंतर लागते. ‘डन कंपायलिंग’ आलं, कोड बोर्डात उतरला, गाडीला जोडला, आणि पडद्यावर काहीच नाही. एरर नाही, आकडाही नाही. निळ्या मॉड्यूलवर चांदीच्या रंगाचा लांबट क्रिस्टल असतो, त्यावर बहुधा 8.000 लिहिलेलं असतं. कोडनं 16 मेगाहर्ट्झ गृहीत धरलं असेल तर 500 केबीपीएसचा वेग मागूनही मॉड्यूल निम्म्यानं, 250 नं बोलतं. गाडी त्याचं काही ऐकत नाही. कंपायलरला हा क्रिस्टल दिसत नाही. तो डोळ्यांनीच बघावा लागतो.

म्हणून गाडीला जोडताना घाई नको: गाडी उभी, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. 16 नंबरच्या पिनेवर बॅटरीचे 12 व्होल्ट कायम असतात, ते बोर्डाच्या 5 व्होल्टच्या पिनेला लागणार नाहीत याची आधी खात्री. मॉड्यूल पहिल्यांदा लिसन-ओन्ली मोडमध्ये ठेवून वेग जुळतो का ते बघायचं, आणि मगच इंजिनाचे फेरे विचारायचे. उत्तरात 41, 0सी आणि त्यापुढे 0बी, बी8 आलं, तर ते दशमानात 3000 होतात. चारनं भागा, 750 फेरे. मग मान वर करून मीटरचा काटा तेच सांगतो का ते बघायचं.