पाच मैलांच्या आत

मॅरेथॉन धावायला घरापासून लांब जावं का, हा प्रश्न ज्यांना पडतच नाही त्यांचा मला हेवा वाटतो. मला तो पडतो, कारण मी वर्ध्यात राहते आणि वर्ध्यात मामा राहतात.

यंदा बर्लिन मॅरेथॉनच्या सोडतीत माझं नाव निघालं. प्रवेशशुल्क, विमान, व्हिसा, राहणं-खाणं असं सगळं मिळून खर्च दोन लाखांच्या पुढे जातो. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या बाईला हा खर्च डोळे झाकून करता येत नाही, पण अशक्यही नाही. घरी कुणी ‘नको’ म्हणालं नाही. मामाही म्हणाले नाहीत. त्यांनी फक्त प्रश्न विचारले. मामा मूळचे आर्वीकडचे, खादी भांडारातून निवृत्त झालेले. कौंडण्यपूरच्या रुक्मिणीच्या पालखीबरोबर ते पंढरपूरपर्यंत पायी गेलेले आहेत, त्यामुळे पायांच्या गोष्टीत त्यांच्यापुढे माझा अधिकार चालत नाही. आमचं बोलणं पुष्कळ दिवस, तुकड्यातुकड्यांनी झालं. ते सलग करून लिहिते आहे.

“धावायचंच आहे तर रस्ता इथं आहे ना, बाई,” मामा म्हणाले. “मग इतक्या लांब काऊन जाऊन राहिली?”

“इथे धावतेच, मामा. सेवाग्राम, पौनार, सेलूच्या बाजूला. पण एकटीनं तीस-बत्तीस किलोमीटर झाले की शरीरात साठवलेली साखर संपत येते. माझ्या वजनाच्या माणसाला किलोमीटरमागे साधारण साठ कॅलरी लागतात, आणि स्नायू व यकृतातला साठा दोनेक हजारांचा. म्हणजे 42.195 किलोमीटरच्या शेवटच्या दहांसाठी शिल्लक काहीच नसतं. तिथे पाय थांबतात. इथे थांबले तर कुणाला कळतही नाही. मुंबई मॅरेथॉनमध्ये पेडर रोडच्या चढावर, परतीच्या वाटेला, नेमकी हीच वेळ येते. आपल्याकडच्या कोरड्या हवेत घाम लगेच वाळतो, तिथल्या दमट हवेत तो अंगावरच राहतो आणि अंग थंड होत नाही. अशा वेळी रस्त्याकडेला उभी असलेली कुणीतरी आजी संत्र्याची फोड हातावर ठेवते. तिनं मला कधी पाहिलेलं नसतं. तेवढ्यावर उरलेलं अंतर निघतं.”

“संत्रं नागपूरचंच असेल,” मामा म्हणाले आणि लगेच मूळ प्रश्नावर आले. “लॉरी बेकर नावाच्या वास्तुविशारदाला बापूंनी सांगितलं होतं, की आदर्श गावातलं आदर्श घर पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या सामानातून बांधलेलं असेल. सेवाग्रामची बापू कुटी पाहा. माती, बांबू, कवेलू. बाहेरून काही आणलं नाही म्हणून ती कमी पडली का? मला वाटतं हा नियम घरापुरता नाही. आनंदालाही लावून पाहावा. पाच मैलांच्या आत मिळणार नाही असा आनंद किती खरा?”

वर्ध्यापासून सेवाग्राम साधारण पाच मैलांवरच आहे. 30 एप्रिल 1936 रोजी गांधीजी वर्ध्यातल्या मगनवाडीतून निघून पायी तिथे गेले. गावाचं नाव तेव्हा शेगाव होतं, सेवाग्राम झालं ते 1940 साली. एप्रिलअखेरचं ऊन कसं असतं हे वर्धेकराला सांगायला नको. मामांचा नियम ऐकून मी काही दिवस खरोखर निरुत्तर होते. मग दांडी आठवली.

“मामा, साबरमतीहून मीठ उचलायचं तर खंभातचं आखात दांडीहून जवळ होतं. बापूंनी लांबचा किनारा निवडला. 12 मार्च ते 6 एप्रिल 1930, सुमारे 385 किलोमीटर, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी. तिथे पाच मैलांचा नियम कुठे गेला?”

“अंतर मोठं हवं होतं, कारण वाटेत गावं हवी होती,” मामा म्हणाले. “प्रत्येक मुक्कामी ते थांबले, लोकांशी बोलले. विनोबांचंही तेच. भूदानासाठी 1951 साली निघाले, पौनारला परतले ते 1964 साली. मधली सगळी वर्षं रोज एक नवं गाव, रोज एक नवं दार. तू बर्लिनमध्ये कोणत्या दारात थांबणार आहेस? तुझ्यासाठी तर लोकांचे रस्ते बंद करतात.”

हे बोचलं, कारण ते खरं आहे. मॅरेथॉनच्या दिवशी शहराचे रस्ते सकाळभर अडतात. आपण फेकलेले पाण्याचे कप आणि बाटल्या आपल्या मागून दुसरंच कुणीतरी उचलतं. पण त्याला दुसरी बाजूही आहे, ती मी मामांना सांगितली. मुंबईच्या सागरी सेतूवर एरवी पायी माणसाला मज्जाव आहे. वर्षातून एका सकाळी तिथे माणसं पायांनी जातात. आपल्या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेला, वर्धेकर शेतकऱ्यांच्या जमिनी त्यात गेल्या, आणि त्यावर पायी चालायला कुणालाच परवानगी नाही. बर्लिनचं तर आणखी वेगळं. 30 सप्टेंबर 1990 रोजी, दोन जर्मनी एक होण्याच्या तीन दिवस आधी, तिथली मॅरेथॉन पहिल्यांदा शहराच्या दोन्ही भागांतून गेली. वर्षानुवर्षं बंद असलेल्या ब्रँडनबुर्ग दरवाज्यातून हजारो सामान्य माणसं धावत पलीकडे गेली. त्या दरवाज्याखालून एकदा आपल्या पायांनी जावं, एवढीच माझी इच्छा आहे.

मामा ऐकत राहिले. मग म्हणाले, “ही इच्छा चांगली आहे. पण ती धावण्याची नाही, पाहण्याची आहे.”

इथे मी त्यांना फडेप्पा चौगुले सांगितले. बेळगावचा हा धावपटू पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यतीत धावला. तिथली अनवाणी धावणारी पोरं सर दोराबजी टाटांनी पाहिली आणि त्यातून 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय खेळाडू पाठवायचं ठरलं. चौगुले बोटीनं युरोपात गेले आणि मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. ते बेळगावच्या पाच मैलांतच राहिले असते तर आपल्याकडे मॅरेथॉन हा शब्द किती उशिरा पोचला असता.

“चौगुले देशातर्फे गेले,” मामा म्हणाले. “बारामतीच्या शर्यतीत नऊवारी नेसून अनवाणी धावलेल्या लता करे नवऱ्याच्या उपचाराच्या पैशासाठी धावल्या. तू कुणासाठी जातेस?”

“कुणासाठीच नाही.”

“तेच मला समजून घ्यायचं आहे.”

आमच्या सगळ्या वादाची गाठ इथे होती. पुढचं मी जरा आवाज चढवून बोलले, तेही लिहिते. लता करे धावल्या त्याचं कौतुक महाराष्ट्रानं केलं, त्यांच्यावर चित्रपट निघाला. पण साठी उलटलेल्या बाईला औषधपाण्यासाठी शर्यत जिंकावी लागते, ही आपल्या सगळ्यांना लाज आणणारी गोष्ट आहे. तिला आपण धावण्याचा आदर्श कसं म्हणावं? बाईनं धावावं तर नवऱ्यासाठी, लेकरांसाठी, देशासाठी. स्वतःच्या आनंदासाठी धावली तर मात्र हिशेब द्यावा, हे मला मान्य नाही.

मग मी विनोबांकडे वळले. “भूदानात लाखो एकर जमीन मिळाली, त्यातली बरीच भूमिहीनांपर्यंत पोचलीच नाही. हे तुम्हीच मला सांगितलंय. मग ते चालणं वाया गेलं का?”

“नाही,” मामा ताबडतोब म्हणाले. “आमच्या गावात अजून सांगतात, बाबा आमच्या ओसरीवर बसले होते.”

“म्हणजे चालण्याची किंमत एकरांत मोजायची नाही. मग माझीच का मोजता?”

मामांनी यावर उत्तर दिलं नाही, आणि मी लगेच दुसरा प्रश्न विचारला. तो बरेच दिवस मनात होता. “विठोबाचं देऊळ आर्वीतही आहे. मग तुम्ही पंढरपूरपर्यंत पायी का गेलात?”

कौंडण्यपूर वर्धा नदीच्या काठावर आहे, रुक्मिणीचं माहेर. तिथल्या पालखीची परंपरा 1594 पासून सांगतात. विदर्भातून निघून पंढरपूर गाठायला महिन्याहून जास्त चालावं लागतं. मामा म्हणाले, “देवासाठी गेलो, असं सांगतो सगळ्यांना. खरं सांगू? घरी मी कुणाचा बाप, कुणाचा मामा, भांडारातला हिशेबनीस. दिंडीत कुणी नाव विचारत नाही. सगळे माउली. पाय सुजले की ज्याची जात मला ठाऊक नाही असा माणूस तेल लावून देतो. ते गावात राहून झालं नसतं.”

“मुंबईत मला हेच मिळतं, मामा. वर्ध्यात पहाटे ट्रॅक पँट घालून निघाले की कुणाची सून, कुणाची बाई, कुठे चालली, हे सगळं माझ्याबरोबर धावतं. तिथे छातीवर फक्त एक क्रमांक असतो. माझ्या डाव्या बाजूला बँकेचा मोठा अधिकारी असेल, उजवीकडे साताऱ्याची शेतकऱ्याची पोर असेल. अडतिसाव्या किलोमीटरला तिघांचेही पाय सारखेच दुखतात.”

आता वाद मी जिंकला, असं कुणाला वाटेल. तसं झालं नाही. मामांनी त्यांची सगळ्यात जड गोष्ट शेवटी काढली.

“जानेवारीच्या मुंबईची तयारी तू कधी करतेस?”

“दिवाळीपासून.”

“तोच कापूस वेचणीचा हंगाम. तू धावायला जातेस तेव्हा बाया वेचायला निघतात. दिवसभर वाकून, किलोच्या हिशेबानं पैसे. त्यांच्या पायाखालचं अंतर कुणी मोजत नाही. तुला त्यांच्या शेजारून धावत जाताना काय वाटतं?”

मला काय वाटतं ते लपवत नाही: त्यांच्याजवळून जाताना माझा वेग आपोआप कमी होतो. वर्धा हा कापसाचा जिल्हा आहे, शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांत वर्षानुवर्षं नाव येणारा जिल्हा आहे. ज्या शरीराला दिवसभर राबावं लागतं त्याला पहाटे उगाच दमवण्याची चैन परवडत नाही. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलींच्या आया त्या घोळक्यात असतात. त्या हसतात, ‘मॅडम, दमल्या का?’ विचारतात. त्या प्रश्नात राग नसतो, म्हणून तो जास्त लागतो.

तरी मामांच्या बोलण्यातून निघणारा निष्कर्ष मला पटत नाही. त्या बायांना धावता येत नाही म्हणून मीही थांबावं, यानं त्यांचं ओझं तसूभरही कमी होणार नाही. विनाकारण धावणं ही चैन आहे हे कबूल. पण ती मूठभरांचीच राहावी असं कुठे आहे? त्यांच्या मुलींना गरजेशिवाय, कुणासाठी नसताना, मन मानेल तसं धावता आलं पाहिजे. मी हे बोलले तेव्हा मामा पटकन म्हणाले, “मग ते बर्लिनमध्ये होणार का?”

नाही होणार. पाच मैलांच्या नियमाचा अर्थ मला त्या क्षणी वेगळा लागला. नियम लांब जाण्याच्या आड येत नाही. बापू आणि विनोबा दोघंही लांब गेले. तो एवढंच विचारतो, की जाऊन मिळवलंस त्यातलं तुझ्या पाच मैलांत काय पोचलं? मुंबईत मला निनावी, निर्धास्त धावणं मिळालं. वर्ध्याला परत येताना ते दरवेळी गाडीतच राहिलं. सेवाग्रामच्या रस्त्यावर माझ्यासोबत धावणारी दुसरी बाई अजून नाही.

आणि या रस्त्याला धावणारी माणसं हवी आहेत. 2020 साली रुंदीकरणासाठी त्यावरची जुनी झाडं तोडायला सुरुवात झाली. नागरिक रस्त्यावर उतरले तेव्हा तोड थांबली. गाडीतून जाणाऱ्याला झाड गेल्याचं उशिरा कळतं. पायी जाणाऱ्याला त्याच दिवशी कळतं, कारण सावली संपलेली असते. मामांशी माझं यावर मात्र पूर्ण एकमत आहे.

बर्लिनचं शुल्क भरायची मुदत गेली, मी भरलं नाही. मामांच्या सांगण्यावरून नव्हे. ब्रँडनबुर्ग दरवाज्याची ओढ अजून तशीच आहे, आणि ती ओढ हा गुन्हा आहे असं मला वाटत नाही. पण दोन लाखांत इथे काय काय होऊ शकतं हे एकदा मनात आल्यावर तो अर्ज माझ्याच्यानं पुरा होईना. मुंबईला मात्र मी जाणार. विदर्भ एक्सप्रेसचं स्लीपरचं तिकीट काढलं आहे. मामांना मुंबईही पटलेली नाही. त्यांच्या मते माणसांचा घोळका हवा तर आषाढात दिंडीला चल. तो वाद चालू राहील.

वर्ध्याच्या आणि आसपासच्या बायकांना एक विनंती आहे. दर रविवारी पहाटे साडेपाचला मी बजाज चौकातून सेवाग्रामकडे निघते. धावायचं असेल तर धावा, चालायचं असेल तर चाला, साडी चालेल, चपला चालतील. शाळेतल्या मुलींना सोबत आणा. वेचणीच्या दिवसांत जमणार नाही त्यांनी हंगाम संपल्यावर या. मी तेव्हाही असेन.