नातवासाठी बंदूक

आपल्या धर्मग्रामातील एक मुलगी लग्न होऊन अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यात राहते. सासरची माणसेही कॅथलिक, दर रविवारी मिस्साला जाणारी. तिच्या सासऱ्यांनी यंदा ठरवले की, नातवाच्या नावाने एक चांगली रायफल घ्यायची. ती आधी मुलाने वापरायची व पुढे नातवाला द्यायची. मुलीने माहेरी फोन करून विचारले, "हे आपल्या श्रद्धेत बसते का?" घरच्यांनी तो प्रश्न आमच्यापुढे ठेवला.

ऐकून आम्हीही दचकलो. वारसा म्हटला की आपल्याला आठवतो तो घरातला जुना क्रूस, आजीचे लाल लुगडे, फार तर दोन तोळे सोने. पण निकाल देण्याआधी त्या आजोबांचे म्हणणे ऐकले पाहिजे. त्यांच्याकडे नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या आदल्या शनिवारपासून, नऊ दिवस बंदुकीने हरणांच्या शिकारीचा हंगाम असतो. बाप मुलाला घेऊन पहाटे रानात जातो. मांस घरी येते आणि हिवाळाभर पुरते. आजोबांना हवी आहे ती 'लिव्हर-अ‍ॅक्शन' रायफल. चापाभोवतीची पोलादी कडी खाली ओढून वर घेतली की रिकामे काडतूस बाहेर पडते व नवे जागेवर बसते. जॉन ब्राउनिंग यांनी आखलेले विंचेस्टरचे १८९४ चे मॉडेल यात फार प्रसिद्ध. त्याच्या सत्तर लाखांहून अधिक बंदुका बनल्या. जाणकार १९६४ च्या आधीची शोधतात, कारण त्या वर्षी कंपनीने खर्च कमी करण्यासाठी बनावट बदलली. अस्सल पोलाद, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता. पुसून तेल लावत राहिले तर शंभर वर्षे टिकते. आजोबा म्हणतात, "आजकाल नातवाला देण्याजोगे टिकाऊ असे काय उरले आहे?" आपण मुलांच्या वाढदिवसाला काय देतो ते आठवले, तर या प्रश्नावर आपल्यालाही मान खाली घालावी लागेल.

पण अडचण त्या टिकाऊपणातच आहे. आजीचे लुगडे शंभर वर्षांनी कोणाच्याही हाती पडो, त्याने कोणी मरत नाही. बंदुकीचे काम मात्र शंभर वर्षांनीही तेच राहते. अमेरिकेत २०२० साली मुले व किशोरवयीन यांच्या मृत्यूंच्या कारणांत बंदुकीने मोटार अपघातांना मागे टाकले. आणि तिथे बंदुकीने होणाऱ्या एकूण मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात, म्हणजे बंदूक आणि ती उचलणारा हात पुष्कळदा एकाच घरातले. देणारे आजोबा शहाणे आहेत. घेणारा नातू वीस वर्षांनी कोणत्या मनःस्थितीत असेल हे त्यांना ठाऊक नाही.

शमुवेलच्या पहिल्या पुस्तकातील एकविसावा अध्याय काढून पाहा. दावीदाने मारलेल्या गल्याथाची तलवार नोब येथे पवित्रस्थानात, एफोदामागे वस्त्रात गुंडाळून ठेवली होती. ती देवाने दिलेल्या विजयाची आठवण होती. पण शौलापासून पळणारा दावीद तिथे आला, हत्यार मागू लागला, आणि आठवणीची पुन्हा तलवार झाली. पुढच्या अध्यायात, दावीदाला भाकर व ती तलवार दिली म्हणून शौलाच्या हुकमाने पंच्याऐंशी याजक मारले गेले. दोष तलवारीचा नव्हे, शौलाचा, हे खरेच. तरी वस्त्रात गुंडाळल्याने तिची धार गेली नव्हती.

ख्रिस्तसभा शिकारीला पाप म्हणत नाही. शिकाऱ्यांचे आश्रयदाते संत ह्यूबर्ट यांचा सण ३ नोव्हेंबरला असतो. प्राण्यांना विनाकारण मारणे वा छळणे मात्र माणसाला शोभत नाही, असे तिची शिकवण सांगते. तेव्हा त्या मुलीला 'नाही' असे सरळ उत्तर आम्हाला देता आले नाही. आम्ही कळवले ते असे: नवी घेऊ नका. सासऱ्यांनी स्वतः चाळीस वर्षे वापरलेली रायफल घरात आहे, तीच राहू द्या. ती कुलपात आणि काडतुसे वेगळ्या कुलपात असावीत. मुलगा सज्ञान होऊन स्वतः मागेल तेव्हाच द्यावी, आणि नको म्हणाला तर आजोबांचा अपमान झाला असे कोणी मानू नये. तोवर त्याला गोष्ट सांगावी, पण सगळी: हरणाची, बर्फातल्या पहाटेची, आणि याच धाटणीच्या बंदुका घेऊन ज्यांची जमीन बळकावली गेली त्या मूळ रहिवाशांचीही.

सासऱ्यांना कुलपाची अट लगेच पटली. नातवाच्या नकाराची अट मात्र त्यांना जड गेली. दोन दिवस ते सुनेशी फारसे बोलले नाहीत. मग एका संध्याकाळी त्यांनी जुनी रायफल काढली, काडतूस नाही ना हे दोनदा तपासले, आणि दस्त्यावरचा ओरखडा कुठल्या वर्षीचा हे तिला सांगत बसले. नातू तेव्हा झोपला होता. तो येत्या मार्चमध्ये दोन वर्षांचा होईल.