उद्याची चिंता, उद्याची तरतूद

उद्याची चिंता करू नये अशी प्रभूची शिकवण. मग पंचविशीतच म्हातारपणासाठी पैसे का बाजूला टाकायचे, असे आपली तरुण मुले विचारतात. प्रश्न रास्त आहे. लूकच्या शुभवर्तमानातला, मोठी कोठारे बांधू पाहणाऱ्या श्रीमंताचा दाखला आपण ऐकलेलाच आहे. पण त्याच्या मनात स्वतःखेरीज दुसरे कोणीच नव्हते. दोष साठवण्यात नाही, तिथे आहे, असे आम्हांला वाटते.

आपल्या वाडवडिलांची तरतूद म्हणजे वाडी आणि मुले. वाडी अनेकांची गेली. मुले उद्या स्वतःच्या घराचे हप्ते फेडत असतील. सारा भार त्यांच्यावर टाकून निश्चिंत राहणे, याला देवावरचा भरवसा कसे म्हणावे?

दरमहा १,००० रुपये ७ टक्के व्याजाने पंचविशीपासून टाकले, तर साठीला सुमारे १८ लाख होतात. पस्तिशीपासून टाकले तर जेमतेम ८ लाख. महागाई त्यातले बरेच खाईल, हे खरे. तरीही नोकरी बदलताना प्रॉव्हिडंट फंड काढून मोटारसायकल घेण्याची रीत आम्हांला खटकते. तो फंड नव्या नोकरीत वर्ग करून घेता येतो. रुजू होताच ऑफिसात विचारावे.