पस्तावा, पश्चात्ताप आणि 'मेतानोइया'

करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातील एक वचन (७:१०) भाषांतरकाराची परीक्षा पाहते. पौल तेथे दोन दुःखांत भेद करतो. देवाच्या इच्छेनुरूप असलेले दुःख 'मेतानोइया' घडवून तारणाकडे नेते. जगाचे दुःख मरण आणते. पहिल्याच्या फलाला त्याने 'अमेतामेलेतोस' हे विशेषण लावले आहे. ते मेतानोइयाचे की तारणाचे, हे व्याकरणाने ठरत नाही. परंतु पहिला अन्वय घेतला की दोन शब्द समोरासमोर येतात. 'मेतामेलोमाइ' म्हणजे केल्या गोष्टीची मागाहून खंत वाटणे. 'मेतानोइया'त 'नूस', म्हणजे मन वा बुद्धी, पालटण्याची कल्पना आहे.

मराठी बायबलमध्ये मेतानोइयासाठी 'पश्चात्ताप' रूढ झाला. दुसऱ्या शब्दासाठी सहज सुचतो तो 'पस्तावा'. पण पस्तावा हा पश्चात्तापाचाच तद्भव. ग्रीकमधील दोन भिन्न शब्दांच्या जागी मराठीत एकाच शब्दाची दोन रूपे उभी राहतात, आणि 'ज्याचा पस्तावा होत नाही असा पश्चात्ताप' ही रचना व्युत्पत्तीच्या दृष्टीने आत्मविरोधी ठरते. संतवाङ्मयातील 'अनुताप' स्वीकारला, तरी 'ताप' सुटत नाही.

तत्सम की तद्भव, हा येथे केवळ शैलीचा प्रश्न नाही. संस्कृतात पारंगत असलेल्या पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबल सर्वसामान्यांच्या मराठीत आणण्याचे काम हाती घेतले. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये छापलेले ते भाषांतर १९२४ साली पूर्णरूपात प्रसिद्ध झाले. धर्मवचन पंडितालाच नव्हे, तर जिच्यावर ते जगण्याची पाळी येते त्या बाईलाही कळावे, ही भूमिका त्यामागे होती. त्या वाचकाला व्युत्पत्तीचा आधार पुरत नाही.

वस्तुतः तो ग्रीक वाचकालाही पुरत नाही. शब्दाचा अर्थ त्याच्या घटकांतून नव्हे, तर वाक्यातील उपयोगातून सिद्ध होतो, हे जेम्स बार यांनी १९६१ मध्ये बायबलच्या शब्दार्थविचाराला बजावले होते. मत्तय यहूदासाठी 'मेतामेलोमाइ' हेच क्रियापद योजतो (२७:३). यहूदा तीस नाणी परत करतो, निर्दोष रक्ताचा विश्वासघात केल्याची कबुली देतो आणि गळफास घेतो. मात्र त्याच शुभवर्तमानात आधी 'जात नाही' म्हणणारा आणि मग द्राक्षमळ्यात कामाला जाणारा मुलगाही याच क्रियापदाने वर्णिला आहे (२१:२९). तेव्हा यहूदाचा घात शब्दाने केलेला नाही, आणि तापही त्याच्या ठिकाणी उणा नव्हता. एकाच क्रियापदाने एकजण मळ्याकडे जातो, दुसरा मरणाकडे.

म्हणून मराठीची येथील अडचण हे केवळ दारिद्र्य मानता येत नाही. पस्तावा आणि पश्चात्ताप यांचे मूळ एकच आहे, हे ती लपवत नाही. जाळणारी आग तीच असते. ती माणसाला कोठे नेते, यावर नैतिक भेद अवलंबून राहतो. पौलाच्या वाक्यातही अखेर निर्णय शब्द देत नाहीत, दिशा देते. भाषांतरकाराने जपायची आहे ती हीच दिशा.