अकारविल्हे विरह

गेल्या वर्षी एका दिवाळी अंकात आमच्या एका समीक्षकमित्रांनी मराठी भावगीताची वासलात लावली. एकानं शब्द लिहायचे, दुसऱ्यानं चाल लावायची, तिसऱ्यानं गायचं, आणि विरह मात्र तिघांपैकी कोणाचाच नाही. उसन्या दुःखाचा हा कारखाना, असा त्यांचा निवाडा. रॉकचं तसं नाही म्हणे. तिथे गाणारा स्वतःच लिहितो आणि स्वतःचंच काळीज उघडं करतो. पुरावा म्हणून त्यांनी रेडिओहेड या इंग्लिश बँडचा २०१६ सालचा 'अ मून शेप्ड पूल' हा अल्बम पुढे केला. बँडचा गायक थॉम यॉर्क आणि त्याची जोडीदार रेचेल ओवेन तेवीस वर्षांच्या सहवासानंतर २०१५ मध्ये वेगळे झाले. पुढच्या मे महिन्यात अल्बम आला. सबब अल्बम म्हणजे त्या ताटातुटीचा रोजनामा. मित्रवर्यांनी रोजनाम्याची पानंही लावून दाखवली. आधी भीती, मग भ्रम, मग भांडण आणि शेवटच्या गाण्यात शरणागती.

वाचून मला आनंदच झाला. इतकं सोयीचं सावज रोज मिळत नाही.

त्या अल्बममधली अकरा गाणी अकारविल्हे लावलेली आहेत. 'बर्न द विच' हे बी या अक्षरामुळे पहिलं, 'डेड्रीमिंग' डी म्हणून दुसरं, आणि 'ट्रू लव्ह वेट्स' हे टीवरून सुरू होणाऱ्या दोन गाण्यांत मागचं, म्हणून शेवटचं. ('द नंबर्स'मधला 'द' धरायचा नाही, हा ग्रंथपालांचा नियमही पाळला आहे.) म्हणजे मित्रवर्यांना ज्या क्रमात एका काळजाचा प्रवास दिसला, तो क्रम टेलिफोन डिरेक्टरीचा आहे.

तारखांचंही तेच. 'प्रेझेंट टेन्स' यॉर्कनं २००९ मध्येच मंचावर एकट्यानं गायलं होतं. 'आयडेंटिकिट' आणि 'फुल स्टॉप' ही दोन गाणी २०१२ च्या दौऱ्यात लोकांनी ऐकली. आणि ज्याच्यावर सगळा डोलारा उभा, ते 'ट्रू लव्ह वेट्स' पहिल्यांदा गायलं गेलं १९९५ साली, ब्रसेल्समध्ये. गाणारा तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता आणि ताटातूट वीस वर्षं लांब होती. 'ओके कॉम्प्युटर' या आधीच्या अल्बमच्या वेळी ते ध्वनिमुद्रित करायचे प्रयत्न झाले, पुढेही झाले, पण बँडचं समाधान होईना. २००१ मध्ये मैफलींतल्या ध्वनिमुद्रणांच्या एका छोट्या संचात नुसत्या गिटारवरचं रूप आलं, एवढंच. २०१९ मध्ये कोणीतरी यॉर्कच्या जुन्या मिनिडिस्कचा साठा पळवला, तेव्हा बँडनं तो सगळा स्वतःच विक्रीला काढला. त्यात या गाण्याचे जुने फसलेले खर्डे ऐकता येतात. आपल्याकडे एखाद्या कवीच्या केराच्या टोपलीवर प्रबंध होतो, तसं व्हायला हे उत्तम साहित्य आहे. मित्रवर्यांनी ते ऐकलं असतं तर रोजनामा ही कल्पना त्यांना सुचलीच नसती. माणूस विरहाचा सराव वीस वर्षं करतो का?

शिवाय रोजनामाच म्हणायचा, तर कोणाचा? निर्माता नायजेल गॉडरिच याचे वडील हा अल्बम घडत असताना वारले. तंतुवाद्यांच्या त्या दाट थरांमागे बँडमधलाच जॉनी ग्रीनवूड आहे, लंडन कंटेम्पररी ऑर्केस्ट्राचे वादक आहेत. एकानं लिहायचं, दुसऱ्यानं सजवायचं, तिसऱ्यानं ध्वनी बांधायचा. कारखाना तिथेही आहेच. फक्त दारावर एकाच माणसाचं नाव लागतं.

भावगीताच्या बाजूनं फार वकिली करायची गरज नाही, एक 'गीतरामायण' पुरे. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांच्या चाली, १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवर छप्पन्न गीतं. तिथे पात्रागणिक गायक वेगळे होते. पुढे फडके, म्हणजे बाबूजी, गावोगाव सगळीच गीतं एकटे गाऊ लागले; रामाचीही तेच आणि सीतेचीही तेच. डोळे पुसणाऱ्या श्रोत्यांपैकी एकालाही हा गृहस्थ कोणत्या वनवासातून आला, असा प्रश्न पडला नाही. हे त्यांचं भाबडेपण नव्हतं. एक जुनं शहाणपण त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. त्या शहाणपणाचा मालक काश्मीरचा, हजार वर्षांपूर्वीचा.

अभिनवगुप्ताकडे मी नेहमीच जरा जास्त वेळ थांबतो. वाचकांनी सांभाळून घ्यावं. क्रौंचवधाची कथा आपल्याला शाळेपासून पाठ आहे: पक्षी मारला गेला, वाल्मीकींना शोक झाला, शोकाचा श्लोक झाला. आत्माविष्काराच्या सिद्धांताला याहून चांगली जाहिरात सापडणार नाही. आनंदवर्धनानं 'ध्वन्यालोका'त ती कथा घेतली, आणि त्यावर 'लोचन' ही टीका लिहिताना अभिनवगुप्त नेमका तिथेच आडवा आला. त्याचं म्हणणं, हा शोक मुनींचा मानू नका. मुनी स्वतःच दुःखी असते तर ते दुःखच करत बसले असते; दुःखानं पोळलेल्या माणसाकडून छंद साधत नाही. शोक पक्ष्याचा. तो मुनींच्या चित्तात विरघळला, चवीचा विषय झाला आणि मगच भांडं भरून वाहावं तसा छंदात उतरला. (मेला तो नर की मादी, यावरही पंडितांचा वाद आहे: रामायणात नर मरतो, 'ध्वन्यालोका'च्या प्रचलित पाठात मात्र मादी मेल्यासारखं दिसतं. मुनींचा शोक एवढा खासगी असता तर निदान प्रेत तरी कोणाचं, यावर एकमत झालं असतं.)

याच्या मुळाशी भट्टनायकाचं साधारणीकरण आहे. रंगभूमीवरचं दुःख माझं नसतं, शेजाऱ्याचं नसतं आणि नटाचंही नसतं. मालकी सुटते तेव्हाच त्याची चव घेता येते. भट्टनायकाचा 'हृदयदर्पण' हा ग्रंथ काळाच्या ओघात गेला. तो आपल्याला कळतो तो मुख्यतः अभिनवगुप्तानं खोडून काढण्यासाठी सांगितला तेवढा. प्रतिपक्षाचं म्हणणं इतक्या नीट मांडायचं की त्याचा ग्रंथ हरवला तरी विचार जगावा! आजच्या वादविवादात हे कोणाला जमेल? मला तर नाहीच, हे वरच्या परिच्छेदांवरून दिसतंच आहे.

भरताच्या 'नाट्यशास्त्रा'वरच्या 'अभिनवभारती'त अभिनवगुप्त रसाच्या वाटेतली सात विघ्नं मोजतो. त्यातलं दुसरं मित्रवर्यांसाठीच लिहिलं असावं. समोरचं सुखदुःख अमक्याचंच, अमक्या काळातलं, अमक्या गावचं, असं धरून बसणं. मग ते स्वतःचं समजा की परक्याचं. तिसरं विघ्न श्रोत्याच्या स्वतःच्या सुखदुःखानं हतबल होण्याचं. गायकाच्या ताटातुटीची कात्रणं हातात घेऊन अल्बम ऐकणारा दुसऱ्या विघ्नात अडकतो, आणि परवाच प्रेमभंग झालेला तरुण कानात हेडफोन खुपसून तोच अल्बम ऐकतो तेव्हा तिसऱ्यात. गंमत अशी की तिसऱ्यावर अभिनवगुप्ताचा उपाय म्हणजे वाद्यं, गाणं, सजवलेला मंडप. तरुणाचं औषध कानातच आहे. कात्रणवाल्याला मात्र वेगळं औषध हवं.

इथपर्यंत माझी बाजू भक्कम आहे, आणि इथेच ती मला खुपायला लागते. दुसऱ्या विघ्नावर अभिनवगुप्त जे औषध देतो ते आहे पूर्वरंग आणि वेशभूषा. सूत्रधार आधी येऊन सांगून जातो की हा खेळ आहे. मग मुकुट घातलेला नट येतो आणि मुकुटाखाली त्याचं नाव-गाव झाकलं जातं. रॉकच्या गायकाला मुकुट नाही. त्याचं नाव, चेहरा, लग्न, लेकरं सगळ्यांना ठाऊक, आणि त्यातूनच त्याचा धंदाही चालतो. तेव्हा 'गीतरामायणा'चा नियम यॉर्कला जसाच्या तसा लावणं म्हणजे आपल्या घरची कुलुपं दुसऱ्याच्या दारांना बसवणं. बाबूजींकडे राम होता; यॉर्ककडे फक्त यॉर्क आहे.

अकारविल्हे क्रम, वीस वर्षांचं अंतर, थरांनी आणि उलटसुलट फिरवून झाकलेला आवाज: हे सगळे उपाय म्हणजे त्यानं हातानं शिवलेला मुकुट, असं मी काही काळ स्वतःला समजावलं. बऱ्याच अंशी ते खरंही आहे. पण 'ट्रू लव्ह वेट्स'ची दोन रूपं लागोपाठ ऐका. जुन्यात गिटारचे जोरकस फटकारे आहेत आणि गळा वरच्या पट्टीत ताणून केलेली विनवणी: जाऊ नकोस, तू म्हणशील तसा होतो. विनवणीला उत्तर मिळेल असा भरवसा त्यात आहे. नव्यात गिटार नाही, ताल धरणारं काही नाही. पियानोचे थर एकमेकांवर येतात आणि त्यांची आवर्तनं मुद्दाम जुळत नाहीत. कान समेची वाट पाहतो आणि सम हुकत राहते. शब्द तेच, विनवणी तीच. गळा मात्र सत्तेचाळिशीचा. आवाजातली ती वीस वर्षं कोणत्या मुकुटाखाली झाकायची?

भरतानं विप्रलंभ आणि करुण यांच्यामध्ये रेघ ओढली आहे. विप्रलंभात भेटीची अपेक्षा शिल्लक असते, करुणात ती संपलेली असते. मम्मटानं विप्रलंभाची कारणं मोजली, त्यात अभिलाष आहे, ईर्ष्या आहे, विरह आहे, प्रवास आहे, अगदी शापसुद्धा आहे. दोघांनी समजुतीनं संयुक्त निवेदन काढून वेगळं होणं मात्र नाही. आधुनिक प्रेमभंग असा शास्त्राच्या दोन खणांमधल्या फटीत पडतो. माणूस जिवंत आहे, फोन नंबर पाठ आहे, आणि अपेक्षा नाही. जुनं 'ट्रू लव्ह वेट्स' सरळ विप्रलंभ आहे. नवं या फटीतलं आहे, आणि म्हणूनच ते माझ्या लेखी गेल्या पंचवीस वर्षांतलं एक मोठं प्रेमगीत आहे.

पण गोष्ट तिथे थांबली नाही. अल्बम मे २०१६ मध्ये आला, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात रेचेल ओवेन कर्करोगानं गेली. अठ्ठेचाळीस वर्षांची होती. एकही सूर न बदलता, एकही अक्षर न हलता ते गाणं रेघ ओलांडून करुणात गेलं. ज्या श्रोत्याला हे कळलं आहे त्याला डिसेंबरच्या आधीचा कान परत मिळत नाही. यावर अभिनवगुप्त म्हणेल, विघ्न आहे, दूर कर. मला ते दूर करता येत नाही, आणि खरं सांगायचं तर करायचंही नाही.

व्यक्तिनिरपेक्षतेची दीक्षा देणाऱ्यांकडे थोडं संशयानंही पाहावं. आपल्या नवसमीक्षेनं ज्याच्या १९१९ च्या निबंधाचं पारायण केलं, त्या टी. एस. एलियटनं आपली मैत्रीण एमिली हेल हिला लिहिलेली हजारावर पत्रं प्रिन्स्टन विद्यापीठात मोहोरबंद होती. जानेवारी २०२० मध्ये ती खुली झाली, आणि त्याच दिवशी एलियटनं साठ वर्षांपूर्वी लिहून ठेवलेला खुलासा हार्वर्डनं बाहेर काढला. कवी आणि माणूस यांची गल्लत करू नका, असं जगाला बजावणाऱ्यानं आपल्या चरित्राचा शेवटचा शब्द थडग्यातून स्वतःच बोलायची व्यवस्था करून ठेवली होती!

मग उरतं काय? न. चिं. केळकरांची जुनी सविकल्प समाधी. १९२१ च्या बडोद्याच्या संमेलनात त्यांनी ती मांडली आणि नंतरच्या पंडितांनी तिची यथेच्छ टवाळी केली. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, पण आपलं भान सोडत नाही. पूर्ण विरघळण्यापेक्षा हे अर्धवट जागं राहणं मला या गाण्याला जास्त मानवतं. कोण गेलं ते मला ठाऊक आहे. गाणं तिच्याविषयी 'होतं' असं मी म्हणणार नाही. आणि दोन्ही गोष्टी एका वेळी कानात धरता येतात. भावगीत उसनं आणि रॉक अस्सल हा भेद यात टिकत नाही, पण चरित्राला दारातूनच हाकलण्याचा माझा सुरुवातीचा आवेशही टिकत नाही.

मात्र चरित्र आत घ्यायचं तर सगळं घ्या, ही माझी मित्रवर्यांशी उरलेली तक्रार. त्यांच्या लेखात रेचेल ओवेनला एकच काम आहे: सोडून जाणं. ती मुद्राचित्रं करणारी चित्रकार होती. डान्टेच्या महाकाव्याच्या सचित्र हस्तलिखितांवर तिनं संशोधन केलं होतं, ऑक्सफर्डमध्ये ती शिकवत होती, आणि 'इन्फर्नो'साठी तिनं केलेली चित्रं तिच्यामागे २०२१ मध्ये बॉडलियन ग्रंथालयानं पुस्तकरूपानं काढली. प्रेम आणि वियोग यांची गोष्ट कशी रचतात हे त्या घरात कोणाला शास्त्रशुद्ध माहीत असेल, तर ते तिला. डान्टेनं तरुणपणी बिआत्रिचेवर कविता लिहिल्या, ती गेल्यावर त्यांतल्या काही निवडून, लावून, प्रत्येकीचा प्रसंग गद्यात सांगत 'व्हिटा नुओव्हा' सिद्ध केलं. मित्रवर्यांना रोजनामाच वाचायचा असेल तर त्यांनी तिथून सुरुवात करावी. फक्त एक ध्यानात ठेवावं: तिथेही बहुतेक कविता आधीच्या आहेत आणि गोष्ट मागाहून बसवलेली आहे.