एक चौरस किलोमीटर

बंदुका थंडावल्या की शांती आली, असे आपण सहज म्हणतो. परंतु ज्याचे त्याला मिळाले, एवढ्याने दुखावलेली मने शांत होतात का?

दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोर आणि पेरू ही दोन शेजारी राष्ट्रे. दोन्हींकडील बहुसंख्य प्रजा कॅथलिक. एकाच प्रभूभोजनात सहभागी होणाऱ्या या बांधवांनी १९४१, १९८१ आणि १९९५ साली सीमेसाठी परस्परांवर शस्त्र उगारले. १९४२ च्या करारानंतरही कोंडोर पर्वतराजीतील सुमारे ७८ किलोमीटरची सीमा आखावयाची राहिली होती. अखेर दोन्ही संसदांनी निर्णय आधीच शिरोधार्य मानून तो ब्राझील, अर्जेंटिना, चिली आणि अमेरिका या हमीदार राष्ट्रांवर सोपविला. २६ ऑक्टोबर १९९८ रोजी ब्राझिलिया येथे करारावर सह्या झाल्या.

इक्वेडोरचे सैनिक जेथे प्राणपणाने लढले, ते तिविन्सा पेरूच्या हद्दीत गेले. मात्र तेथील एक चौरस किलोमीटर जमीन पेरूने इक्वेडोरला खाजगी मालकीने द्यावी, असे ठरले. सार्वभौमत्व पेरूचेच राहिले. इक्वेडोरला तेथे सैन्य वा पोलीस नेता येणार नाहीत. आपल्या वीरांचे स्मरण मात्र करता येईल.

कोणी म्हणेल, ही तर तडजोड. हिला क्षमा कशी म्हणावी? आक्षेप रास्त आहे. हा तुकडा मध्यस्थांच्या सांगण्यावरून दिला गेला, उत्स्फूर्त प्रेमाने नव्हे. तरीही त्यातून एक सत्य हाती लागते. क्षमा करणाऱ्याला आपला हक्क नाकारावा लागत नाही. त्या हक्काच्या आत दुसऱ्याच्या शोकाला थोडी जागा द्यावी लागते. केवळ न्याय सीमारेषा आखून थांबतो. पलीकडच्या मातेचा पुत्र अलीकडे पडला आहे, हे तो विचारात घेत नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ च्या जागतिक शांतिदिनाच्या संदेशात न्यायाला क्षमेची जोड आवश्यक मानली, ती याच कारणाने.

त्या करारानंतर या दोन राष्ट्रांत पुन्हा युद्ध झालेले नाही.

आपल्याकडेही बांधावरून सख्खे भाऊ कोर्टाची पायरी चढतात. निकाल लागतो, मोजणी होते, दगड रोवले जातात. आणि तरी एकमेकांच्या घरच्या मयताला जाणे होत नाही. जिंकलेल्या भावाने स्वतःला एवढेच विचारावे: माझ्या हक्काच्या जमिनीत हरलेल्या भावाच्या आसवांसाठी एखादा कोपरा मी राखला आहे का?