काळाच्या रेघा

भविष्य जाणण्याची इच्छा मनुष्याच्या भित्रेपणांतून जन्मली कीं विवेकांतून, हा वाद जुना आहे. ज्याचें पोट पावसावर अवलंबून आहे, त्यानें आभाळाकडे पाहूं नये असें कोण म्हणेल? खरा प्रश्न, जें दिसलें आणि जें दिसावेंसें वाटत होतें, त्यांतील भेद आपण राखतों कीं नाहीं, हा आहे.

बुलढाणा जिल्ह्यांतील जळगाव जामोद तालुक्यांत भेंडवळ नांवाचें गांव आहे. तेथें अक्षय्य तृतीयेच्या सायंकाळीं शेतांत घट मांडतात. वर्तुळांत अठरा प्रकारचीं धान्यें, मध्यें पावसाळ्याच्या चार महिन्यांचीं म्हणून मातीचीं चार ढेकळें, त्यांवर पाण्याची घागर, आणि वर पापड, कुरडई वगैरे पदार्थ ठेवतात. रात्रीं तेथें कोणी फिरकत नाहीं. दुसऱ्या दिवशीं पहाटे कोणतें धान्य जागचें हललें तें पाहून पाऊस, पीक व राजा यांचें भाकीत वर्तवितात. वाघ घराण्याकडे चालत आलेली ही परंपरा साडेतीनशे वर्षांची म्हणून सांगितली जाते.

सुशिक्षित वाचक याला हसेल. परंतु खामगांवसारख्या कापसाच्या जुन्या पेठेंत काय, कीं मुंबईपुण्यांत काय, त्याच सुशिक्षिताचा मुलगा संगणकाच्या पडद्यावर शेअरच्या भावाचा आलेख उघडून काय करतो, तेंहि पाहावें. भावाचे दोन तळ तो निवडतो. सॉफ्टवेअर त्यांमधील दिवस मोजून तेवढ्याच अंतरानें पुढें उभ्या रेघा आंखीत जातें, बाजार अजून उघडलेलाहि नाहीं अशा दिवसांपर्यंत! याला कालचक्राचा अभ्यास म्हणतात.

चक्र शोधण्यांत मूर्खपणा आहे असें नाहीं. हंगामांत कापसाची आवक वाढली कीं भाव उतरतो; या फिरण्याला कारण आहे. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्स यानें १८७८ सालीं व्यापारांतील अरिष्टांचा संबंध सूर्यावरील डागांशीं जोडला, तोहि कारण दाखवूनच: डागांमुळें ऊन, उन्हामुळें पीक, पिकामुळें व्यापार. सिद्धान्त टिकला नाहीं, पण त्याची परीक्षा होऊं शकली. पुढें १९२७ सालीं मॉस्कोंतील स्लुत्स्की यानें सरकारी कर्जाच्या सोडतींतील आंकडे घेऊन त्यांच्या लागोपाठच्या बेरजा मांडल्या, तेव्हां त्यांतूनहि व्यापारचक्रासारख्या लाटा उमटल्या. यदृच्छेच्या पोटींहि लाट जन्मते. म्हणून लाट दिसली एवढ्यावरून नियम सिद्ध होत नाहीं.

घटाचा कार्यकारणसंबंध मला पटत नाहीं. धान्य हलण्यास मुंगी किंवा वारा पुरेसा आहे. तथापि पडद्यावरील रेघेंत नसलेला एक गुण त्यांत आहे. भाषा कितीहि मोघम असो, भाकीत चारचौघांत व पावसाआधीं उच्चारलें जातें, आणि दिवाळीपर्यंत कोणीहि शेतकरी तें ताडून पाहूं शकतो. रेघ मात्र एकांतांत आंखली जाते. चुकली तर प्रारंभबिंदु चार दिवस सरकवावा, अगर दुसरा तळ निवडावा. यंत्र तक्रार करीत नाहीं. पुसलेल्या रेघांचा हिशेब कोठेंच नसल्यामुळें उरलेली एक रेघ सर्वज्ञ भासते.

हा खेळ एकट्याचा असता तर त्याला करमणूक म्हणतां आलें असतें. परंतु २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स व ऑप्शन्सच्या व्यवहारांत उतरलेल्या व्यक्तींपैकीं सुमारें ९३ टक्क्यांना तोटा झाला, असें सेबीच्या २०२४ सालच्या पाहणींत आढळलें. असा पैसा पुष्कळदां घराचा असतो, आणि घराला विचारलेलें नसतें. शिवाय जो आपली उरलेली रेघच तेवढी दुसऱ्याला दाखवितो, तो खोटें एक अक्षर न बोलतांहि असत्य सांगतो.

चुकांवांचून ज्ञान नाहीं, हें मान्यच आहे; पण ज्या चुकीची नोंद राहते तीच शिकविते. म्हणून रेघ आंखूं नये असा उपदेश मी करीत नाहीं. आंखल्याबरोबर तिची तारीख वहींत लिहावी, ती घरच्यांना दाखवावी, आणि चुकली तरी खोडूं नये. काळाचें ज्ञान होवो न होवो, आपल्या इच्छेचें ज्ञान तरी त्या वहींतून होईल.